आठ वाजताचा नेम

आमच्या घरी संध्याकाळी आठ वाजले की जे काही चालू असेल ते थांबते. गॅस बारीक होतो, टी. व्ही. बंद होतो, धाकटा भाऊ वही मिटतो आणि आज्जी पदराने चष्मा पुसत आईच्या खाटेजवळ पाट टाकून बसते. एक गीत, शास्त्रातला एक भाग, आज्जीची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सारे आटोपायला वीस मिनिटे पुरतात. आज्जी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हा नेम चालू आहे. तिच्या सासूबाईंच्या काळीही तो होता, असे ती सांगते. पप्पांच्या लग्नाच्या दिवशी तो चुकला नाही. आजोबा गेले त्या संध्याकाळीही चुकला नाही.

तो नेम मी मोडला. त्याची ही हकीकत.

असल्या गोष्टी नियतकालिकात लिहाव्यात की नाहीत, याचा मी बरेच दिवस विचार करीत होते. आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. रविवारची उपासना संपत आली की कुणीतरी उठून उभे राहते आणि सांगते : मोठ्या आजारातून उठलो, पोराला नोकरी लागली, दारू सुटली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले आहेत. पण आजवर एकाही माणसाने उठून ‘मी थकलो आहे’ एवढीच साक्ष दिलेली मी ऐकली नाही. वाट चुकलेला परत आला तर त्याच्यासाठी मेजवानी असते. पण जो वाट चुकलेला नाही आणि परतही आलेला नाही, वाटेनेच चालता चालता ज्याचे पाय भरून आले आहेत, त्याने कुठल्या ओळीत उभे राहायचे? मंडळीत उठून उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. म्हणून ती साक्ष इथे लिहिते आहे.

आमचे गाव नेवासे तालुक्यात आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे आमच्यापासून एस. टी. ने अर्ध्या तासावर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले, आणि पुढे त्यांचे काम या बाजूच्या खेड्यापाड्यांतून पसरले. माझे पणजोबा त्याच काळाच्या शेवटी ख्रिस्ती झाले. त्यामुळे आमच्या गावात काकड्याचे अभंगही ऐकू येतात आणि देवळाची घंटाही. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) पप्पा साखर कारखान्यात हंगामी कामाला आहेत. आई शब्बाथ शाळा घेत असे. गावातल्या तीन पिढ्यांच्या पोरांना तिने दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल. दोन पिढ्यांना मात्र नक्की. तिचा आवाज मोठा होता. पेटीवर बसली की मागच्या बाकापर्यंत पोचायचा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीत तसाच राहिला. मी कॉलेजला निघाले होते. ‘आई, काय झालं?’ म्हणून विचारले, तर तिने माझ्याकडे पाहिले आणि काहीतरी म्हणाली. ते कुठल्याच भाषेतले नव्हते. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. जिल्ह्याच्या गावी तीन आठवडे काढून आम्ही तिला घरी आणली तेव्हा तिचे उजवे अंग लुळे पडले होते आणि वाचा गेली होती.

पहिले दोन महिने घर माणसांनी भरलेले असे. कोणी डबा आणी, कोणी फळे आणी, पाळकसाहेब दर दोन दिवसांनी येऊन प्रार्थना करून जात. येणारे जे बोलत ते मनापासून बोलत : देव झेपेल एवढेच ओझे देतो, ही परीक्षा आहे, विश्वास सोडू नका. दिवाळीनंतर माणसे आठवड्याने येऊ लागली. नाताळानंतर महिन्याने. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचीही उसाची लागण होती, त्यांचीही पोरे होती. दुःख ताजे असते तेव्हा त्याला पाहुणे असतात. ते रोजचे झाले की घरातल्यांचेच राहते.

रोजचे म्हणजे काय, ते सांगायला हवे. लुळ्या पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. रात्रीही दोन तासांनीच. पप्पांची हंगामात रातपाळी असली की अकरा, एक, तीन आणि पाच या चार वेळा माझ्या. सकाळी अंग पुसणे, कपडे बदलणे, जुन्या लुगड्यांच्या घड्या धुऊन वाळत टाकणे. पाणी पातळ असले की आईला ठसका लागतो, म्हणून पेज घट्ट करून चमच्याने भरवायची. एका वाटीला पाऊण तास. मग सहा-चाळीसची एस. टी. कॉलेजातून आल्यावर पुन्हा तेच. यात वीरश्री कुठेच नाही. पहिल्या महिन्यात मी हे सारे रडत आणि प्रार्थना करीत केले. सहाव्या महिन्यात न रडता केले. वर्षाने मी ते करीत होते, पण माझे मन तिथे नसायचे. ते कुठे असायचे हे मला विचाराल, तर सांगता येणार नाही. कुठेच नसायचे.

आणि मग त्या ‘आमेन’ची गोष्ट घडली.

आईला घरी आणल्यानंतर महिना झाला असेल. आठची प्रार्थना चालली होती. आम्ही प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटाला आलो, आणि आमच्या आवाजात एक चौथा आवाज मिसळला. ‘आमेन.’ स्वच्छ. जीभ न अडखळता. पप्पांनी आज्जीकडे पाहिले, आज्जीने माझ्याकडे. आईला पाणी मागता येत नव्हते, माझे नाव घेता येत नव्हते, आणि हा शब्द ती जशी पूर्वी म्हणत असे तशीच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी गावभर झाले. चमत्कार झाला, आता वाचा परत येणार, म्हणून दोन दिवस घरात पुन्हा गर्दी झाली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सांगितले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसवून नीट समजावून दिले. याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत बोलणे जुळवण्याचे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालते, आणि आईचा तोच भाग दुखावला होता. विचार करून नवे वाक्य जुळवणे त्यामुळे अडते. पण जे वर्षानुवर्षे घोकून अंगवळणी पडले आहे, म्हणजे एक-दोन-तीन आकडे, आठवड्याचे वार, पाठ असलेले गाणे, प्रार्थना, ते पुष्कळदा शिल्लक राहते. एखाद्या रोग्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण गाण्याची ओळ धरून दिली तर तो गातो. ‘तेव्हा यावरून फार आशा बांधू नका,’ ते म्हणाले.

मी एस. टी. त खिडकीशी बसून घरी आले ती रागाने धुमसत. म्हणजे तो चमत्कार नव्हता. तो नुसता सवयीचा शब्द होता. घासून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखा. आणि मला वाटू लागले की आमच्या घरातली सगळी प्रार्थनाच तशी आहे. आठ वाजले की तोंडे उघडतात, शब्द बाहेर पडतात, आठ-वीसला तोंडे मिटतात. यात देव कुठे आहे? यात मी तरी कुठे आहे?

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला होते. पप्पा रातपाळीला गेले होते, दुसऱ्या दिवशी माझी चाचणी होती, आणि दुपारी आईच्या पाठीवर रुपयाएवढी लाल जागा दिसली होती. म्हणजे आदल्या रात्री तीनला मी उठले नव्हते. गजर वाजला होता, मी तो बंद केला होता. आठ वाजले. आज्जीने पाट टाकला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, ‘आज्जी, मी आता प्रार्थना करणार नाही. मला येत नाही. खोटं बोलल्यासारखं वाटतं.’

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या घरात असे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. आता आज्जी रडेल, नाहीतर शास्त्रातली वचने सांगेल, अशी माझी तयारी होती. दोन्हींना उत्तरे मी मनात जुळवून ठेवली होती.

आज्जी म्हणाली, ‘आगं, नको करू. कुनी जबरदस्ती केलीय? बस नुसती. तुझ्या वाटची मी करते.’

मी बसले. तिने नेहमीसारखे सगळे केले. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, ‘मोशेचे हात दुखलेच की. एवढा देवाचा मानूस, पन हात ते हातच. वर धरून धरून खाली यायला लागले. तवा त्याला कुनी म्हनलं का, तुझा इस्वास कमी पडला? धोंडा आनला, त्याच्यावर बसवला, आन दोघांनी दोन बाजूंनी हात धरले. दिस बुडूस्तवर.’ मग भावाला म्हणाली, ‘आज अकराला आन तीनला तू ऊठ. तिला झोपू दे.’

त्या रात्री मी सहा तास सलग झोपले. कित्येक महिन्यांनी.

अमालेकी लोकांशी झालेल्या लढाईची ती गोष्ट मी शब्बाथ शाळेत, आईच्याच तोंडून, दहा वेळा तरी ऐकली असेल. अहरोन आणि हूर ही नावे मला पाठ होती. पण त्या गोष्टीतला धोंडा मी कधी पाहिलाच नव्हता. मोशेने उभे राहून हात वर धरले होते, हेच चित्र मनात होते. तो दिवसाचा मोठा भाग बसून होता आणि त्याचे हात दुसऱ्यांच्या हातांत होते, हे तिथे लिहिलेले असून वाचले नव्हते. त्यानंतर मी शास्त्रात थकलेली माणसे शोधू लागले, आणि ती मला जिथे-तिथे सापडू लागली. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवणारा एलीया दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळतो आणि एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडू त्याच्या उशाशी ठेवतो, खा म्हणतो, आणि पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खाण्यासाठीच. होरेबाची चाळीस दिवसांची वाट त्या भाकरीच्या बळावर चालायची असते. गेथशेमाने बागेत शिष्यांना झोप आवरली नाही तेव्हा येशूला वाईट वाटले. पण आत्मा तयार असला तरी शरीर दुबळे असते, हे त्यांच्या वतीने त्यानेच म्हटले. पौलाने गलतीच्या मंडळ्यांना चांगले करता करता कंटाळू नका असे लिहिले, ते कशासाठी? कंटाळा येतच नसता तर त्याला शाई खर्च करायचे कारण नव्हते.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांना मी एकदा भीत भीत विचारले की, धर्मात राहून धर्माचा कंटाळा येणे याबद्दल कोणी काही लिहिले आहे का. त्यांनी ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक काढून दिले आणि इजिप्तच्या वाळवंटातील जोग्यांवरचे प्रकरण दाखवले. चौथ्या शतकात शेकडो माणसे एकांतात प्रार्थना करण्यासाठी तिथल्या वाळूत झोपड्या बांधून राहिली होती. त्यांच्यातला इव्हाग्रियस हा मोठा जाणता. तो ३९९ साली वारला. साधकाला छळणाऱ्या वाईट विचारांची त्याने यादी केली. तीत खादाडपणा आहे, क्रोध आहे, गर्व आहे. पण सगळ्यांत जड म्हणून त्याने जो सांगितला तो दुपारचा सैतान. ग्रीक भाषेत त्याला ‘अकेदिया’ म्हणतात : कशाचेच काही न वाटणे. हा सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो. जोगी पुन्हा पुन्हा खिडकीतून डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो. मग त्याला ती झोपडी नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. इथल्या माणसांत आता माया उरली नाही, आपल्याला धीर देणारे कोणी नाही, दुसरीकडे गेलो तर बरे होईल, असे त्याच्या मनात येते.

मी ते वाचून थक्क झाले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने माझ्या रात्रीच्या तीनच्या गजराचे वर्णन करून ठेवले होते. आमच्याकडेही भर दुपारी चिंचेखाली जाऊ नये, तिथे असते म्हणतात. खेड्यात दुपारची भीती सर्वांना ठाऊक आहे. तिला प्रार्थनेच्या खोलीतही जागा असते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

त्यावर उपाय काय? इव्हाग्रियस मोठे काही सांगत नाही. झोपडी सोडू नकोस, हातातले काम चालू ठेव, स्तोत्रे म्हणत राहा. त्याच परंपरेतल्या कॅसियनने एका पौल नावाच्या जोग्याची गोष्ट दिली आहे. (हा प्रेषित पौल नव्हे.) तो खजुरीच्या पानांवर रोज ठरलेले काम करी. बाजार सात दिवसांच्या वाटेवर. नेण्याचा खर्चसुद्धा निघणार नाही. वर्षभराच्या कामाने गुहा भरली की तो ते सारे जाळून टाकी आणि पुन्हा सुरुवात करी. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा वेडेपणा वाटला. नंतर आईच्या लुगड्यांच्या घड्या धुताना तो जोगी आठवला. त्या घड्याही संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतातच. सकाळच्या कामाचे संध्याकाळी काही उरत नाही. ते करणारे हात मात्र दुसऱ्या दिवशी तेच काम करायला तयार असतात.

केडगावची आठवणही मला त्याच दिवसांत पुन्हा आली. आई धडधाकट असताना २०१९ साली शब्बाथ शाळेची सहल घेऊन आम्ही दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायला गेलो होतो. रमाबाईंची मोठी कामे आम्हाला शाळेतच ठाऊक झाली होती : १८८९ सालचे शारदा सदन, दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली. आईने तिथे एका झाडाखाली आम्हा पोरांना बसवून वेगळीच गोष्ट सांगितली. खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशा मराठीत बायबल यावे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि वर्षानुवर्षे एकेक ओळ उतरवीत राहिल्या. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बाया. रमाबाईंना ऐकू येईनासे झाले होते. १९२१ साली मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी आणि कामाची वारस, त्यांच्या आधी गेली. त्यानंतरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. भाषांतर हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ‘मुलगी गेल्यावर त्यांना रोज सकाळी काय वाटत असेल, ते आपल्याला ठाऊक नाही,’ आई म्हणाली होती. ‘रोज सकाळी त्या काय करत होत्या, एवढं ठाऊक आहे.’ तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि माझे लक्ष डब्यातल्या गुळपोळीकडे होते.

मदर तेरेसांची पत्रे २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षे, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, हे त्यांतून जगाला कळले. काही लोकांना धक्का बसला. मला त्या रात्री धीर आला. रोज पहाटे उठून त्या जे करीत होत्या, ते आतून कोरडे असतानाही करीत होत्या. आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसाला त्या कोरडेपणाची खबरही लागत नव्हती. त्याला ओला फडका आणि पाणी मिळत होते.

पण पुस्तकांनी सगळे शिकवले असे म्हणणे खोटे होईल. आमच्या शेजारी एक माळकरी बाई राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. आई पडल्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता त्या येतात, आईला उचलून बसवायला हात देतात, आणि जातात. सगळे यायचे थांबले तेव्हाही त्या थांबल्या नाहीत. आषाढीच्या वारीला तेवढ्या नसतात. तेव्हा सुनेला पाठवतात. एकदा मी त्यांना म्हटले, ‘आत्या, इतक्या लांब चालताना नको वाटत नाही का हो कधी?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘वाटतं ना. पाचव्या-सहाव्या दिवशी पंढरपूर बी नको वाटतं. पाय सुजत्यात, इठोबा आठवत नाय. मग म्होरच्या बाईच्या टाचंकडं बघायचं. ती टाच उचलली की आपली उचलायची. लांबचं बघायचंच नाय.’ आणि आईच्या पाठीखाली हात घालून म्हणाल्या, ‘चल, धर तिकडनं.’

मी पुन्हा आठच्या प्रार्थनेला बसू लागले होते. म्हणजे उठून गेलेच नव्हते. बोलत नव्हते, एवढेच. आज्जी माझ्या वाटचे बोलत होती. मी तिच्या टाचेकडे बघत होते. असे चार-साडेचार महिने गेले.

जुलैत आज्जीचा भाऊ वारला. तिच्या माहेरचे शेवटचे माणूस. मातीला जाऊन ती संध्याकाळी परत आली, हातपाय धुतले, आणि आठ वाजता पाट टाकून बसली. गीत झाले. भावाने शास्त्रभाग वाचला. मग आज्जीने डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. बाहेर पाऊस होता. पत्र्यावरचा आवाज ऐकू येत होता. शेवटी तिने डोळे न उघडता, हळूच म्हटले, ‘पोरी, आज मला शब्द येईना.’

मला त्या क्षणी भक्तीचा पूर आला वगैरे काही झाले नाही. आत सारे तितकेच कोरडे होते. पण तिची पाळी होती आणि तिचे हात खाली आले होते. मी तिच्याजवळ सरकले आणि तिच्या वाटचे बोलू लागले. काय बोलले ते मला आठवते, कारण ते फार साधे होते. आज्जीच्या भावाचे नाव घेतले. आईच्या पाठीसाठी मागितले. ती लाल जागा भरून आली होती, त्याबद्दल आभार मानले. पप्पा नव्या हंगामाच्या कामावर राहावेत म्हणून मागितले. आत्यांच्या पायांसाठी मागितले, त्या तेव्हा वारीच्या वाटेवर होत्या. मग प्रभूच्या प्रार्थनेला सुरुवात केली. भाऊ बरोबर म्हणू लागला, पप्पा म्हणू लागले. आज्जीचे ओठ हलत होते. आणि शेवटी खाटेवरून, नेहमीसारखाच, नेमक्या जागी तो एक शब्द आला.

डॉक्टरांचे म्हणणे मी आजही खरेच मानते. तो चमत्कार नाही. आईच्या मेंदूत जे पुराने वाहून गेले नाही, ते हे आहे. पण हे का वाहून गेले नाही? चाळीस-बेचाळीस वर्षे ती रोज आठ वाजता बसली होती म्हणून. त्यातल्या किती दिवशी तिचे मन भरून आले होते? तीही भाकरी करून, पोरांची उष्टी काढून, दमून बसत असणार. माझ्या तापात, पप्पांच्या हंगामाबाहेरच्या बेकार महिन्यांत, कितीदा तिने नुसतेच ओठ हलवले असतील. त्या सगळ्या थकलेल्या, कोरड्या संध्याकाळी एकावर एक बसत गेल्या, आणि तिच्यापाशी काहीच उरले नाही तेव्हा तेवढे उरले. ज्या सवयीला मी घासून गुळगुळीत झालेली पायरी म्हणत होते, तिच्यावरच आई आज उभी आहे.

थकवा हा विश्वासाचा शत्रू आहे, असे मी समजत होते. आता मला वाटते, विश्वासाच्या आयुष्याचा बराचसा भाग थकव्यातच जातो, आणि तो तिथेच मुरतो. त्यात आपल्याला करता येण्यासारखे थोडेच असते. झोप मिळाली तर झोपावे. भाकर मिळाली तर खावी. जागा सोडू नये. शब्द येत नसतील तर गप्प बसावे, पण बसावे. आणि शेजारच्याचे हात खाली येऊ लागले तर आपले कोरडे हात त्याला लावावेत. कोरड्या हातांनीही हात धरता येतो.

ही साक्ष म्हणण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही. हिच्या शेवटी कोणी बरे झालेले नाही. आईची वाचा आलेली नाही. डाव्या हाताने ती आता चमचा धरते आणि अर्धी पेज पदरावर सांडते. पप्पांचा हंगाम चालू आहे. मी आणि भाऊ रात्रीच्या वेळा वाटून घेतो : अकरा आणि तीन त्याच्या, एक आणि पाच माझ्या. आज्जी पुन्हा बोलू लागली आहे. काही दिवशी ती बोलते, काही दिवशी मी. ज्याला शब्द येतील तो.

हे लिहायला आज ग्रंथालयात बसले होते, ती शेवटची गाडी चुकेल की काय अशी वेळ झाली. आता उठायला हवे. पाचला आत्या येतील, आईला बसवायचे आहे. आणि आठ वाजायला फार वेळ राहिलेला नाही.

— तृतीय वर्ष, कला